तळघरातील वर्षावास

१५ एप्रिल १९९४, शुक्रवार. बोथ. सकाळी सहा.

काल जयंतीची मिरवणूक संपल्यावर विहारात समितीची बैठक भरली. बैठक हा शब्द सौजन्याने वापरतो. चहा पिणारे लोक सतरंजीवर गोलाकार बसले होते, एवढेच.

विषय असा की, आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासाचे ग्रंथवाचन यंदा कोणी करावे. हा विषय निघतोच कसा? मी येथील मराठी शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. विहार उभा राहिला तेव्हापासून वाचक मीच आहे. परंतु अध्यक्ष पांडुरंगराव, ज्यांनी जन्मभर तहसिलीत नकला उतरविण्यापलीकडे लेखणी चालविली नाही, ते म्हणाले की गुरुजी आता थकले, यंदा त्यांच्या सूनबाईंनी वाचावे. म्हणजे माझ्या सुनेने, कुसुमने. ती अंगणवाडी चालविते. 'आणि' या शब्दाचा उच्चार 'आन्' असा करते.

कारण विचारले. म्हणे गेल्या वर्षी ग्रंथ अर्ध्यावर राहिला. राहणारच. प्रत्येक वाक्याचा अर्थ फोडून सांगितल्यावर दुसरे काय होणार? आणि अर्थ कळल्यावर ग्रंथ संपविण्याची घाई कशाला? त्यावर देवकाबाई, जिला अक्षरओळख नाही पण जी सदैव पहिल्या रांगेत बसते, ती म्हणाली, "गुरुजी, तुमी सांगता लय, वाचता कमी." लोक हसले. निर्णय बुद्धपौर्णिमेवर ढकलला.

रात्रभर विचार केला. मूळ सापडले. विहारावर पत्रे आहेत. पावसाळ्यात पत्रे वाजतात. माझा एकही शब्द या लोकांपर्यंत इतकी वर्षे पोहोचलेला नाही. पोहोचला असता तर असा ठराव त्यांना सुचला असता का?

उपायही सापडला. तळघर.

१७ एप्रिल, रविवार.

आमच्या घराखाली तळघर आहे. हे घर मी अठ्ठ्याहत्तर साली एका कापूस-ज्वारीच्या व्यापाऱ्याकडून विकत घेतले. माझे वडील याच व्यापाऱ्याकडे हमाल होते. मागच्या दाराने पोती घेऊन या तळघरात उतरत. आता त्यांचा मुलगा पुढच्या दाराने ग्रंथ घेऊन उतरेल. सध्या तेथे पत्नीच्या ज्वारीच्या कोठ्या, एक मोडकी बाज आणि मुलाची सायकल आहे. म्हणजे काहीही नाही.

जमिनीखाली पावसाचा आवाज येत नाही. शिवाय समितीच्या नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे की वाचन ज्याच्या घरी, वाचक तो. नियमावली मीच लिहिली असल्यामुळे ती निर्दोष आहे.

अंदाजपत्रक तयार केले. 'बजेट' हा शब्द वापरणार नाही. पायऱ्या, फरशी, गिलावा, चुना, ट्यूबलाइट. आकस्मिक खर्च: शून्य. आकस्मिकता हा विचार न करणाऱ्यांचा आसरा आहे.

२० एप्रिल, बुधवार.

तळघराची मापे घेतली. टेपवरील आकडे पुसट. हल्ली सगळाच माल असा येतो. वर्तमानपत्राची शाई फिकी, ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचा टाइप बारीक, बसच्या पाट्या धुरकट. देशात कोणालाही आपले काम नीट करावेसे वाटत नाही.

कुसुमने तोच टेप हाती घेऊन आकडे घडाघडा वाचले. अंदाजाने वाचले असणार.

वाटेत उत्तमरावांना जय भीम केला. ते विजेचा खांब निघाले.

२५ एप्रिल, सोमवार.

निधीचा प्रश्न सोडविला. माझ्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मुलाने, अमृतने, पोस्टात पैसे ठेवले आहेत. पुस्तक माझ्या नावे आहे. यवतमाळच्या त्या डॉक्टरने दिवाळीत सांगितले होते की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि पावसाळ्यापूर्वी काढलेला बरा. डॉक्टर वयाने माझ्या शेवटच्या तुकडीतील मुलांएवढा. त्याच्या पाटीवर 'मोतीबिंदू'चा 'दू' ऱ्हस्व होता. असल्या माणसाच्या हाती डोळे द्यावेत?

पत्नी चंपाबाई पोस्टापर्यंत मागे आली. भर रस्त्यात म्हणाली, "अवो, डोळे नसले तं ते पुस्तक वाचसान कायनं?" मी उत्तर दिले नाही. रस्ता ही चर्चेची जागा नव्हे.

२ मे, सोमवार.

कामास आरंभ. मिस्त्री राजन्ना. मी जे सांगेन त्यावर तो एकच म्हणतो, "सरे, सार." तेलुगूत सरे म्हणजे ठीक. पायरी रुंद हवी म्हटले, सरे. अरुंद हवी म्हटले, सरे. संपूर्ण मंडलात मला भेटलेला हा पहिला समंजस मनुष्य.

ज्वारीच्या कोठ्या गेल्या आठवड्यातच वर काढून अमृतच्या खोलीत ठेवल्या. अमृत उटनूरला आदिवासी विकासाच्या कार्यालयात लिपिक आहे. शनिवारी घरी येतो. परवा शनिवारी त्याला झोपण्यास जागा राहिली नाही. तो पोस्टाच्या पुस्तकाबद्दल विचारीत होता. मी त्याला ओसरीचे फायदे सांगितले.

९ मे, सोमवार.

अज्ञानाची कमाल. सिमेंटवाल्या सेठकडे गेलो असता तो म्हणतो, "मास्टरजी, नीचे बैठक बना रहे हो? मिरग लगने से पहले तो सब अपना तहखाना खाली करते हैं." सेठला वाटते की आकाशातील मृग नक्षत्र बोथच्या तळघरांची पाहणी करण्यास येते.

घरी आलो तर पत्नीचेही तेच पालुपद. पूर्वीचा मालक मृगाच्या आदल्या दिवशी तळघर रिकामे करी, म्हणजे करीच. "मामाजी सोता पोते काढत व्हते. तुमीच तं सांगत व्हते मले." होय, सांगत होतो. मालकाच्या अंधश्रद्धेचे ओझे दर वर्षी माझ्या वडिलांच्या पाठीवर पडे. ते ओझे मी पुन्हा उचलायचे? मी तिला शांतपणे समजाविले की नक्षत्रे आपण छप्पन साली सोडली आहेत, ती चौऱ्याण्णव साली परत घेता येणार नाहीत.

ती म्हणाली, नक्षत्र सोडले, पण पाण्याला कोणी सांगितले आहे का?

तिच्याशी तर्काने बोलणे व्यर्थ.

१४ मे, शनिवार.

फरशी बसली. पांढरा चुना झाला. ट्यूबलाइट लागली. दार लागले नाही. मापात चौकट काही बोटे कमी भरली. टेपचा दोष. राजन्नाला दार कापून घे म्हटले. सरे.

अंदाजपत्रकात 'पूरक खर्च' हे नवीन शीर्षक घातले. आकस्मिक खर्च अजूनही शून्य आहे, हे नमूद करतो.

अमृतला पोस्टाचे कळले. त्याच्या आईने सांगितले. त्याने पोस्टाचे पुस्तक उघडून शेवटचे पान पाहिले. मग म्हणाला, "बाबा, मी दोन वर्षं जमा करून राह्यलो होतो." मी त्याला खाली नेऊन फरशी दाखविली. त्याने फरशीकडे पाहिलेच नाही. सौंदर्यदृष्टी त्याच्या आईकडूनच आली आहे.

२६ मे, गुरुवार.

विजय. संपूर्ण विजय.

काल बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमानंतर समितीला तळघरात आणले. बाहेर असे ऊन की चपलेला डांबर चिकटत होते. खाली उतरताच पांडुरंगराव 'अहाहा' म्हणाले. देवकाबाईने फरशीला गाल लावून पाहिला. मी नमुन्यादाखल दोन परिच्छेद वाचले. इतकी शांतता मी उभ्या आयुष्यात अनुभवली नव्हती. सर्व जण डोळे मिटून ऐकत होते. पांडुरंगराव तर आडवे पडून ऐकत होते. वाचन संपल्यावर त्यांना हलवून भानावर आणावे लागले, इतके ते तल्लीन झाले होते.

डोळे उघडे होते ते एका कुसुमचे. नंतर ती हळूच म्हणाली, "मामाजी, मधल्या दोन ओळी सुटल्या." सुटल्या नाहीत. त्या ओळी त्या आवृत्तीत फिक्या छापल्या आहेत.

ठराव संमत झाला. वर्षावासाचे वाचन माझ्या घरी, तळघरात. नियमाप्रमाणे वाचक मी. कुसुमने हरकत घेतली नाही. तिला स्वतःची मर्यादा कळते, हा एक गुण तिच्यात आहे.

८ जून, बुधवार. दुपारी बारा.

आज मृग. आकाश निरभ्र. तळघर कोरडे ठणठणीत. सेठच्या दुकानावरून मुद्दाम दोनदा गेलो. दुसऱ्यांदा त्याने पाणी विचारले.

१५ जून, बुधवार.

तीन दिवस चांगला पाऊस. शेतकरी आनंदात, कपाशीचे बी घेऊन धावत आहेत. तळघराच्या उत्तर भिंतीवर किंचित ओल. भिंतीला घाम येतो, हे शास्त्रीय सत्य आहे. बुद्धपौर्णिमेला समितीचे लोक आत जो श्वास सोडून गेले, त्याची वाफ असावी.

राजन्नाला दाखविले. तो बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, सरे.

२४ जून, शुक्रवार.

एक बेडूक. एकटा. बाहेरून आला असावा.

२६ जून, रविवार.

बेडकास सोबत मिळाली आहे.

३ जुलै, रविवार.

पश्चिमेच्या कोपऱ्यात थोडे पाणी. पैंजण भिजेल इतके. नळाची गळती असे निदान केले. अमृत म्हणाला की तळघरात नळ नाही. हा मुलगा लहानपणापासून असाच आडवा बोलतो.

ऑइल इंजिन भाड्याने आणून पाणी उपसले. खर्च पूरक. सायंकाळी तळघर पुन्हा कोरडे. रात्री उतरलो नाही. उतरण्याचे कारण नव्हते.

इंद्रवेल्लीला माझे मामेभाऊ माणिकराव यांना पत्र घातले की आषाढ पौर्णिमेस सहकुटुंब यावे, वाचन प्रथमच पावसाच्या आवाजाविना होणार आहे. पत्र मी सांगितले, लिहून कुसुमने घेतले. माझ्या पेनची शाई अलीकडे दिसत नाही. 'सहकुटुंब'मधील 'टुं' तिने बरोबर लिहिला आहे असे ती म्हणते.

१२ जुलै, मंगळवार.

इंजिन चालू असेपर्यंत पाणी उतरते. बंद करताच पुन्हा तितकेच. फरशीच्या सांध्यांतून वर येते. बाहेर विहिरीचे पाणी इतके चढले आहे की बाया वाकून घागर बुडवीत आहेत. चंपाबाईने मला विहीर दाखविली, मग तळघर दाखविले. एक शब्द बोलली नाही. तिच्या न बोलण्यातही व्याकरणाच्या चुका असतात.

काळ्या मातीचा गुणधर्म म्हणून पाणी काही काळ राहते व नंतर जाते. पौर्णिमेस दहा दिवस आहेत. दहा दिवस पुष्कळ झाले.

अमृत रजा घेऊन उटनूरहून आला आणि पायरीवर बसून पाण्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "यात तुमचे डोळे आहेत, बाबा." असली नाटकी वाक्ये दूरदर्शन पाहून येतात.

१७ जुलै, रविवार.

कुसुमने तळघराचा फ्यूज काढला. मला न विचारता. म्हणाली, पाण्यात करंट उतरेल. मी विचारले की अंधारात वाचन कसे होणार. तिने माझ्याकडे अशा रीतीने पाहिले की उजेडात तरी मला काय दिसते, असे तिला म्हणायचे असावे. ती म्हणाली नाही. पण मला कळले.

मला कळले, हे येथे लिहिण्याची आवश्यकता नव्हती. खोडावे म्हटले तर ओळ सापडत नाही.

पांडुरंगराव येऊन गेले. विहारात वाचन ठेवू या म्हणाले. मी ठाम नकार दिला. विहारात ठेवले तर वाचक कोण, हे समिती ठरविणार. घरी ठेवले तर नियमावली ठरविते.

२२ जुलै, शुक्रवार. आषाढ पौर्णिमा. रात्री.

क्रमाने लिहितो.

सहा वाजता लोक आले. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, सगळे पावसात निथळत. इंद्रवेल्लीहून माणिकराव सहा जणांसह आले. सर्वांना तळघर पाहायचे होते. पायरीवरून एकामागून एक वाकून पाहिले. पाणी गुडघ्यापेक्षा वर होते आणि दाराची फळी त्यावर तरंगत होती. पांडुरंगराव 'मोठं आहे' म्हणाले. माणिकरावांनी विचारले की पोहायला शिकवणार आहात काय. हे माझे मामेभाऊ.

वाचन ओसरीत ठेवले. ओसरीवर मातीचे कवेलू आहेत. कवेलूंचा आवाज होत नाही. ही गोष्ट गेल्या सोळा वर्षांत कोणीही माझ्या लक्षात आणून दिली नाही.

वंदना झाली. नियमाप्रमाणे मी चौरंगापाशी बसलो, ग्रंथ उघडला. आभाळ भरलेले, दिवा मिणमिणता. पान पांढरे होते. पूर्ण पांढरे. प्रारंभीचा भाग मला पाठ आहे. तो मी खणखणीत आवाजात म्हटला. पान उलटले. पुढचेही पान पांढरे. तेही जेवढे आठवले तेवढे म्हटले.

मग आठवेना.

लोक वाट पाहत होते. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. हसणाऱ्यांना मी ओळखतो. मागून कुसुमने, मला एकट्याला ऐकू येईल इतक्या बारीक आवाजात, पुढची ओळ सांगितली. मी ती मोठ्याने म्हटली. तिने पुढची सांगितली. मी म्हटली. असे एक पान झाले. व्यवस्था उत्तम चालली होती. तेवढ्यात देवकाबाई पहिल्या रांगेतून म्हणाली, "अवो गुरुजी, दोनदा काऊन आयकाव? पोरगी म्हनून राह्यली ते आमाले येतेच की आयकू."

मी ग्रंथ कुसुमकडे दिला. नमुन्यादाखल एक परिच्छेद वाच, असे सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले. उद्देश हा की चुका दाखवून देता याव्यात.

ती वाचू लागली. दुसऱ्याच ओळीला 'आन्'. मी थांबविण्यासाठी बोट वर केले. ती पुढे गेली. मी बोट तसेच ठेवले. शाळेत माझे बोट वर जाताच वर्ग थांबत असे. 'आन्' पुन्हा आले, पुन्हा आले. माझ्या बोटाकडे कोणी पाहत नव्हते. सिद्धार्थ आईवडिलांचा निरोप घेत होता. चंपाबाई चहाचे ताट घेऊन आली होती ती उंबऱ्यावरच उभी राहिली. चहा वाटायचा राहिला. माणिकराव, जे लग्नातही दहा मिनिटे बसत नाहीत, ते बसून होते. देवकाबाई पदराने डोळे पुसत होती. अमृत खांबाला टेकून आपल्या बायकोकडे पाहत होता.

काही वेळाने खांदा दुखू लागला. बोट खाली घेतले.

२३ जुलै, शनिवार.

अंदाजपत्रक बंद केले. आकस्मिक खर्च: सर्व.

सकाळी अमृत म्हणाला की डोळ्यांचे पैसे दिवाळीपर्यंत पुन्हा जमतील, पगारावर कर्ज काढतो. मी म्हणालो, घाई नाही. तो म्हणाला, आहे. त्याच्याशी वाद घातला नाही.

संध्याकाळी वेळेआधीच ओसरीत गेलो. चौरंगाशेजारी माझ्यासाठी खुर्ची मांडली होती, वर चादर. कुसुमची व्यवस्था. पाहुण्यांना मांडतात तशी खुर्ची. तिच्यावर बसलो नाही. सतरंजीकडे आलो. माणसे धूसर दिसत होती, पण पुढच्या रांगेत कोणीतरी बूड सरकवून जागा केली. देवकाबाई होती. बसलो. बसताना गुडघा वाजला. ती म्हणाली, "काल मले सगळं नाई समजलं, बापाचं मन कसं झालं असन?" मी तिला समजावून सांगू लागलो; प्रथम संदर्भ, मग 'निरोप' या शब्दाची व्युत्पत्ती.

तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"उगी राहा गुरुजी. सुरू होऊन राह्यलं."

उगी राहिलो.